फुसाए वाट पाहते त्या शेताबाबत

लिहून ठेवणार हिगुचि तामोत्सु, वय अठ्ठ्याहत्तर, रेशीम गिरणीतला निवृत्त फिटर, राहणार निशिकुबो, आकागि डोंगराचा पायथा. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझा आजार स्वादुपिंडाचा आहे, डोक्याचा नाही. या घरात दोघांपैकी एकाने शुद्धीवर राहणे भाग होते, ते काम मी आजवर निभावले आहे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझी पत्नी फुसाए हिची. कारभार मुलगी चिआकि हिने पाहावा. मात्र फुसाएला ओसाकाला नेऊ नये. चिआकि, तुझी माया मला कळते गं, पण तुझ्या आठव्या मजल्यावरून तिला आकाश दिसेल आणि शेत दिसणार नाही. मग ती दिवसभर दार वाजवत बसेल.

२. आमच्या बिनइंजिनाच्या विमानातला, म्हणजे ग्लायडरमधला, माझा हिस्सा आणि माझी सगळी हत्यारे नदीकाठच्या आमच्या क्लबला द्यावीत. माझा जुना मित्र नेमोतो सादाओ याला काहीही देत नाही, कारण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही घेता येत नाही. हे ऐकून तो म्हणाला, "मरतानासुद्धा चिक्कूपणा सोडू नकोस हं!" माझा मोठा पाना त्याने केव्हाच ढापला आहे, तेव्हा त्याने गप्प बसावे.

३. घरामागचे भातशेत. हे सासऱ्यांनी माझ्या नावे केले. फुसाएचा थोरला भाऊ कान्जी याचा त्यावरून माझ्यावर राग आहे आणि तो रास्त आहे. पण सासऱ्यांनी असे का केले ते एकदा कागदावर यावे.

आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी नोव्हेंबरात कोरडा वारा सुटला होता. आकागिच्या माथ्यावर पालथ्या थाळीसारखा ढग स्थिर उभा होता. असा ढग दिसला की डोंगराच्या आडोशाला हवा लाटेसारखी वर उसळते, हे आम्हाला शिकवलेले असते. मी त्या लाटेत शिरलो. आधी हाडे खिळखिळी होतील असे धक्के, आणि मग एकाएकी सगळे शांत. पंखाला थरथर नाही, हातातल्या दांड्याला ओढ नाही, आणि मी नुसता वर चाललेलो. दक्षिणेला फुजि दिसला, त्याच्या डावीकडे समुद्राची चकाकी. मी रडलो. का रडलो ते आजही सांगता येणार नाही. आयुष्यात पुन्हा कधी इतके उंच गेलो नाही. भानावर आलो तेव्हा खाली ढग मिटत आले होते. उरलेल्या फटीतून उतरलो तो थेट खाली दाबणाऱ्या हवेत सापडलो. आमचे मैदान गाठणे शक्य नव्हते. कापणी झालेले एक शेत दिसले, तिथे उतरलो. पंख लागून भात वाळत घातलेली एक मांडव-रांग आडवी झाली.

कान्जी विळा घेऊन धावत आला. "एवढं आभाळ कमी पडलं का रे तुला? आमच्याच भातावर?" त्याच्या मागून फुसाए आली. ती म्हणाली, "माणसं येताना आवाज तरी करतात! केवढी दचकले मी!" मग माझे गारठलेले हात पाहून घरात नेले, गरम भात आणि मुळ्याचे लोणचे वाढले. नेमोतो ग्लायडर वाहायचा गाडा घेऊन मला न्यायला आला तेव्हा माझा चौथा वाडगा चालू होता. पुढच्या वसंतात लग्न झाले. सासरे म्हणाले, "उतरलास तिथंच राहा," आणि तेच शेत माझ्या नावे केले.

४. सदर शेत मी कान्जीला देत आहे. होय कान्जीदादा, तुलाच. अट एकच: फुसाए आहे तोवर त्यात सौरविजेची पॅनेल नकोत, प्लास्टिकचे मांडव नकोत, खांब नकोत. तुझा कंपनीशी सौदा ठरलाय, मला ठाऊक आहे. थांब. तीही फार वर्षे काढणार नाही.

कारण तू रोज पाहतोस. आभाळ चांगले असले की ती केस विंचरून बांधावर जाऊन उभी राहते. ती शेतात उतरलेल्या त्या पोराची वाट पाहते. मला ती ओळखत नाही; मला 'आजोबा' म्हणते. "आजोबा, आज ढग छान आहेत, आज तो यायचाच," असे लाजत सांगते. मी "हो बाई" म्हणतो. खरे सांगतो, मला त्या पोराचा हेवा वाटतो.

चिआकिने एकदा लग्नाचा फोटो दाखवून तिला सगळे समजावले. "आई, अगं हेच ते. बाबा म्हातारे झालेत." फुसाएने माझ्याकडे पाहिले आणि हंबरडा फोडला, "कुणी केलं त्याचं असं?" तसे पुन्हा कोणी करू नये.

५. तिला घरी आणण्याची रीत. हाताला धरून ओढायचे नाही. शेजारी उभे राहून थोडा वेळ आभाळ पाहायचे. मग म्हणायचे, "ऊन कललं. जमीन गार झाली, आता हवा वर चढायची नाही." हवा चढली नाही तर ग्लायडर येत नाही, एवढे तिला पटते. ते मीच तिला नवी नवरी असताना शिकवले होते, ते तेवढे राहिले आहे. ती म्हणते, "मग उद्या," आणि निमूट येते. कान्जीदादा, तुला ढगातले काही कळत नाही, पण एवढे वाक्य पाठ कर. पावसाळी दिवशी ती जात नाही.

६. अंत्यविधी देवळात करावा. आजोबा वारले असे फुसाएला खुशाल सांगा. दोन दिवस हळहळेल, आजोबांच्या नावाने भाताची वाटी ठेवेल, मग विसरेल. पण तामोत्सु गेला असे कोणीही, कधीही तिला सांगू नये. तिच्या लेखी तो अजून यायचा आहे.

हे लिहीत असताना ती चहा घेऊन आली. "आजोबा, काय एवढं लिहिताय? कुठं निघालात का?"

"हो. गावाला जातोय."

"लांब?"

"लांबच."

"अगं बाई! म्हणजे तो येईल तेव्हा तुम्ही नसणार?" ती खाली बसली आणि तिने माझी बाही धरली. "थांबा ना थोडे दिवस. त्याला बघून तरी जा."

मजकूर वाचून, समजून सही व शिक्का केला आहे.

हिगुचि तामोत्सु (शिक्का)

साक्षीदार:
नेमोतो सादाओ, क्लबमधील मित्र
ओगिनो मित्सुयो, घरी येणारी परिचारिका

स्थळ: निशिकुबो
दिनांक: २ नोव्हेंबर २०२४