न विचारलेलं

॥ श्री ॥
मालवण, ४ जानेवारी १९५५

चि. प्रेमास आत्याचे आशीर्वाद.

लिहिणार नव्हते, पण राग पोटात ठेवून जेवण जात नाही. तुमच्या चाळीतल्या दशावताराच्या तालमीत मुकुट कोणी घालायचा यावरून माझ्या सहदेवने दशरथला ढकललं, ही त्याची चूकच. पण इस्पितळात दशरथच्या हाताचा एक्स-रे तूच काढावास? आणि कोर्टात उभी राहून हाड मोडलं असं तूच सांगावंस? नीट दिसत नाही म्हटलं असतंस तर जीभ झडली असती? आतेभाऊ दोन वर्षं आत गेला.

तुझ्या अण्णांनी अपील केल्याचं कळवलं. मी रवळनाथाला कौल लावला. प्रेमाचा फोटो खोटा ठरेल काय, असं विचारलं. पाकळी डावीकडची पडली. म्हणजे नाही. आता कसली आशा?

आशीर्वाद दिलेत, ते परत घेत नाही.
शेवंती


॥ श्री ॥
घाटकोपर, २१ जानेवारी १९५५

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

सहदेव उद्या सुटतो. आधी हे वाच, मग बाकीचं.

खटल्यात त्याला जो आरोप वाचून दाखवला होता, तो साध्या दुखापतीचा. त्याला जास्तीत जास्त एक वर्ष. पुढे माझी एक्स-रेची फिल्म आली, आणि खालच्या कोर्टाने आरोप न बदलताच मोडलेल्या हाडाची शिक्षा दिली. अपील एवढ्यावरच होतं. खटला नव्याने चालवायला सांगतील, मग शिक्षा वाढूही शकेल, असं वकिलांनी बजावलं होतं.

आज हायकोर्टात न्यायमूर्तींनी फिल्म खिडकीकडे धरली. उलटी. मी गप्प बसले, ते सोपं नव्हतं. त्यांनी ती स्वतःच फिरवली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, हाड मोडलं आहे, शंकाच नाही. अण्णांनी डोळे मिटले.

मग त्यांनी सरकारी वकिलांना विचारलं, की हाड मोडल्याचा जाब या माणसाला कधी विचारला होता का. वकील म्हणाले, नाही, पण फिल्म समोर आहे. त्यावर ते शांतपणे म्हणाले, की जे विचारलंच नाही त्याचं उत्तर हा देणार कसं, आणि उत्तराची संधी न देता शिक्षा देणारे आपण कोण? नवा खटला नको, भोगली तेवढी पुरे.

आत्या, हाड दिसलं की माझ्या लेखी विषय संपतो. तिथे ते सगळ्यांना दिसत होतं. तरी अख्खं कोर्ट थांबलं, कारण चाळीतल्या एका दांडग्याला एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता. इतकं मोठं काही मी आजवर पाहिलेलं नाही. बाहेर आल्यावर मी घरच्या उलट्या दिशेला चालू लागले. अण्णांना वाटलं, मला बरं नाही.

फिल्म मात्र खरी आहे. पुन्हा विचारलं तरी तेच सांगेन.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझी प्रेमा


॥ श्री ॥
मालवण, २८ जानेवारी १९५५

चि. प्रेमास पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र गुरवाला वाचून दाखवलं. तो हसला. म्हणाला, शेवंतीबाय, देवाला तू फोटोचं विचारलंस, देवाने फोटोचंच सांगितलं. पोराचं तू विचारलंस कुठे?

खरंच गं. रागाच्या भरात सहदेवचं विचारायचंच राहिलं होतं.

कोकमाची सोलं पाठवते आहे. अर्धी दशरथच्या घरी सहदेवनेच न्यायची, आणि आधी त्याचा हात कसा आहे ते विचारायचं. मुकुटही त्यालाच द्यायचा म्हणावं. जमलं तर सहदेवच्या डोक्याचा एक फोटो काढ. आत काही आहे का, ते खरं खरं कळव.

तुझीच
आत्या