टँकर रविवारीच येतो

रविवार, ४ मार्च १९७३
ठरलं! आजपासून शब्बाथ कडक पाळायचा; रविवारी कामाला हात लावायचा नाही. पाळकांनी आज चर्चमध्ये बायबलातला यशया वाचला. ज्याला मूलबाळ नाही त्याने स्वतःला वाळलेलं झाड म्हणू नये; तो शब्बाथ पाळील तर देव त्याला मुलामुलींहून मोठं नाव देईल. पाळक माझ्याकडे बघत नव्हते, पण मला तसंच वाटलं. शेचाळीस वर्षांची बिनलग्नाची मास्तरीण मी — आणखी कुणाकडे बघणार? नाव पाहिजे मला. खरंच पाहिजे.

अडचण एकच. विहिरी आटल्यात आणि गावात टँकर येतो तो रविवारीच. शेजारची कडूबाई म्हणाली, "घागरी द्या बाई, मी भरते की." दिल्या! तिला आठवा महिना चालू आहे, हे देवाला दिसलं असणार. मला नाही दिसलं.

११ मार्च
शब्बाथ उत्तम. शनिवारची भाकरी खाल्ली, शास्त्र उघडलं, तिसऱ्या ओळीला झोप लागली. कडूबाईने चार घागरी आणल्या, दोन माझ्या. भिंतीपलीकडून तिची सासू रंगुबाई, मला ऐकू येईल अशी: "बाईंचा देव लई ग्वाड! बाई निजल्यात, अन् पान्याला आमची सून!"
मी घोरल्याचं सोंग केलं. शब्बाथाला सोंग चालतं का, विचारायला हवं.

१८ मार्च
कडूबाई टँकरपाशी पडली. डोक्यावर माझी घागर होती. माझी!
सुईण म्हणाली, "प्वार हलतंय. पन आता हिनं उठायचं न्हाई." रंगुबाई म्हणाली, "पान्याचं कोन बघंल?" माझ्या तोंडून निघालं — "मी." प्रार्थना अर्धीच राहिली.

२५ मार्च
पोरींना रांगेची शिस्त शिकवणारी मी आज कोपर मारून पुढे घुसले. रांगेत पुढे असलेल्या लंकाबाईशी कडाक्याचं भांडण. "बाई असून अशा?" व्हय, अशीच! शब्बाथ पाळणाऱ्याला देव उंच स्थळांवर चढवतो म्हणे. मी टँकरच्या चाकावर चढले. चार घागरी भरल्या. आशीर्वाद गेला, कंबरही गेली.

३ एप्रिल
मुलगी! दोघी सुखरूप. मी उगाच रडले. कुणाचं कोण!

रविवार, १५ एप्रिल
बारसं. बारावा दिवस काल होता, पण पाणी आज. कडूबाईच्या नवऱ्याला, कानिफनाथला, बहीण नाही. नाव ठेवायला आत्या कुठून आणायची? रंगुबाईने माझा हात धरला. "चला. तुमीच." पाळण्यात वाकले, कानात 'मालन' म्हणाले, आणि बायकांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत बुक्के घातले. लंकाबाईने तर टँकरचा सगळा हिशेब चुकता केला.
शब्बाथ पुन्हा मोडला. हे चार रविवार ओळीने झाले. आता देवाकडे नाव मागायला तोंडच उरलं नाही.

१६ एप्रिल
पाठ ठणकतेय. शाळेतून येताना शेजारी डोकावले. पोर रडत होती. रंगुबाई दाराकडे बघून म्हणाली, "गप गं मालन, आत्या आली बघ!"
कोण आलं म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.