अडीचास एक

११ फेब्रुवारी, बुधवार

आज मला एक कंपनी सांगून आली. माणूस रविवारी येणार आहे.

आबांनी जेवताना विषय काढला. एरंडोलकडचं स्थळ. मुलाचं नाव नवीन, त्याचे वडील जीवराम भाऊ. कापसाची जिनिंग — सरकी वेगळी काढायची, रुईच्या गाठी बांधायच्या. "प्रायव्हेट लिमिटेड शे," आबा म्हणाले. आबांच्या तोंडी 'आहे'ऐवजी अहिराणी 'शे' फक्त खुशीत येतं. एरवी ते रिटायर्ड हेडक्लार्कचं मराठी बोलतात.

कुळ आबा विचारणार, शेती मामा बघणार, आणि मी अकरावी-बारावीला बुक-कीपिंग शिकवते म्हणून कंपनी मी बघायची. शंभर रुपये भरले की सरकारी साइटवर कुठल्याही कंपनीचा ताळेबंद मिळतो. सोयरिकीपायी असे पैसे भरणारं धुळ्याच्या देवपुरातलं हे पहिलंच घर असावं. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर लग्न ठरल्यासारखं वाटेल.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सात वर्षं फळ्यावर 'क्ष लिमिटेड' लिहिते आहे. क्ष लिमिटेड कुठल्या गावात असते, तिच्या फाटकाशी कुत्रं बसतं का, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. आज पहिल्यांदा खरी कंपनी हातात आली आणि दुपारभर मी तिच्यातच हिंडत होते.

मुलांना मी सांगते तेच स्वतःला सांगितलं. एका बाजूला काय-काय आहे ते. दुसऱ्या बाजूला ते कुणाच्या पैशावर उभं आहे ते. दोन्ही बाजू सारख्या. बस, एवढंच असतं ताळेबंदात.

कापसाचा साठा सहा कोटी. येणी आणि रोकड मिळून दीड. म्हणजे वर्षभरात हाताशी येईल असं साडेसात कोटी. वर्षभरात द्यायचं आहे तीन कोटी. साडेसात भागिले तीन — चालू गुणोत्तर अडीचास एक! पुस्तकात दोनास एक चांगलं म्हणतात. जमीन आणि मशिनरी तीन कोटी. स्वतःचं भांडवल सहा कोटी आणि त्यापुढे लांब मुदतीचं कर्ज फक्त दीड कोटी, म्हणजे पाव पट. आबांना सांगितलं तर ते उठून देवापुढे साखर ठेवून आले.

साठा मात्र डोळ्यांपुढून जाईना. सहा कोटींचा कापूस दिसतो तरी कसा? मी एकतीस वर्षांची बाई, खिडकीत बसून पांढऱ्या डोंगरावरून घसरत होते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बारावीच्या पेपरला सुपरव्हिजन. एका मुलानं पुरवणी मागितली ती मला तिसऱ्या हाकेला ऐकू आली.

१५ फेब्रुवारी, रविवार

आले आणि गेले. महाशिवरात्र, म्हणून पोह्यांऐवजी साबुदाण्याची खिचडी. जीवराम भाऊ भरपूर बोलतात, भरपूर हसतात, आबांना दर वाक्याला 'भाऊसाहेब' म्हणतात. नवीन कमी बोलतो. इस्त्रीचा शर्ट, पण कानामागे रुईचा एक बारीक पुंजका राहिला होता. मला तो काढावासा वाटला. हे लिहिताना लाज वाटते आहे, तरी लिहिते.

आम्हाला पाच मिनिटं गॅलरीत सोडलं. त्यानं विचारलं, "तुम्ही काय शिकवता?" मी म्हटलं, "तुमची कंपनी." मग शंभर रुपये भरून ताळेबंद काढला ते सगळं सांगावंच लागलं. तो हसला नाही. "कसा वाटला?" म्हणाला. मी म्हटलं, "अजून वाचते आहे."

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज एक ओळ सापडली आणि मी विरघळले.

द्यायच्या तीन कोटींत बँकेचे दोन कोटी साठ लाख आहेत. बाकी सगळी देणी मिळून चाळीस लाख. म्हणजे सहा कोटींचा कापूस आवारात, आणि शेतकऱ्यांचं देणं जवळजवळ नाहीच! हे लोक माप झालं की पैसे हातावर ठेवतात. गाडी रिकामी झाली, पैसे मोजले, माणूस घरी जेवायला. अशा घरात आपण जाणार.

साठा सोडून नुसती येणी आणि रोकड धरली तर तरल गुणोत्तर अर्धंच येतं. ते एक तरी असावं, असं मीच वर्गात ओरडून सांगते. पण जिनिंगला कापूस साठवावाच लागतो, असं म्हणून मी पान उलटलं. प्रेमात पडलेल्या बाईनं ताळेबंद वाचू नये.

हो, पडले आहे. लिहून टाकलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

आईबरोबर झुंबरबाई मावशीकडे. तिचं गाव जिनिंगपासून चार कोसांवर, म्हणून चौकशी तिच्याकडे सोपवली होती. मावशीला तर त्या घराचं किती कौतुक करू आणि किती नको असं झालं होतं.

"भला माणसं शेतस, बाई. आमना कापूस तठेच पडेल शे. बठ्ठा गावना माल तठेच ऱ्हास. भाव चढना का मंग पैसा लिसूत."

मी विचारलं, "सगळ्या गावानं कापूस तिथे ठेवला आणि भाव ठरवला नाही?"

"भाव मंग ठरस ना! घरमा कोठे ठेवाना कापूस? मांगना साल तं पार अखाजी लगून पडेल व्हता. आम्ही सांगं का आज भाव दे, त्या दिशी दिन्हा. एक रुपया डुबना नई."

"पावती?"

मावशीला हसू आलं. "पावती कसानी? जीवराम भाऊ शे ना."

कळण्याची भाकरी मोडता मोडता मी महिने मोजले. गेल्या वर्षीची अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती एप्रिलच्या शेवटी; तोवर हा कापूस तिथेच. ताळेबंद आहे एकतीस मार्चचा.

२३ फेब्रुवारी, सोमवार

तास रिकामा होता. कागदावर पुन्हा मांडलं.

त्या सहा कोटींतला बहुतेक कापूस त्यांचा नाहीच. लोकांनी भाव वाढेपर्यंत ठेवलेला आहे. समजा पाच कोटींचा. तो साठ्यात धरला, पण त्याचं देणं लिहिलं नाही — भावच ठरला नाही, तर लिहिणार काय! मग दोन्ही बाजू सारख्या कशा आल्या? नफा म्हणून. मावशीचा कापूस त्यांच्या नफ्यात जाऊन बसला आणि नफा भांडवलात. स्वतःचं म्हणून जे सहा कोटी दिसतात, त्यातलं खरं एक.

देणं लिहिलं तर साडेसात भागिले आठ. शून्य पूर्णांक चौऱ्याण्णव. म्हणजे कापूस, येणी, रोकड सगळं मिळूनही वर्षाचं देणं फिटायचं नाही. दीड कोटीचं कर्जही पाव पट नाही, भांडवलाच्या दीडपट.

आणि मी त्याच ओळीवर विरघळले होते. फार वाईट वाटलं. कुणी फसवल्यासारखं नाही, जाग आल्यासारखं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आबांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कागदावर अडीच आहे ना? मग अडीच. बँकेनं मानलं, ऑडिटरनं मानलं, तू कोण?" मी म्हटलं, मी त्या घरात जाणारी. आबा पेपर वाचायला लागले.

१ मार्च, रविवार

नवीनला मीच फोन केला. तो धुळ्यात आला. पांझरेच्या पुलाजवळ चहा घेतला. घरी कुणाला सांगितलं नाही.

मी सरळ विचारलं. तो म्हणाला, "आजोबांपासून असंच आहे. कापूस आमचा नाही हे सगळ्या गावांना माहीत आहे."

"बँकेला?"

"बँकेला नाही."

"बँकेनं त्याच कापसावर कर्ज दिलंय. उद्या आग लागली तर कुणाचा कापूस जळाला म्हणायचा?"

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "वडिलांनी कधी कुणाचा पैसा ठेवला नाही हो." त्याचा आवाज इतका खरा होता की मला त्याचा हात धरावासा वाटला. मी म्हटलं, "म्हणून तर लिहायला काय हरकत आहे?"

"लिहिलं तर बँक कर्जाची मर्यादा निम्म्यावर आणेल. मशीन थांबेल."

"आणि नाही लिहिलं तर माझी मावशी जीवराम भाऊंच्या तब्येतीवर अवलंबून."

त्यानं चहाचे पैसे दिले. निघताना म्हणाला, "तुमचा नकार समजू का?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं. इतकंच माहीत होतं की हे असंच राहणार असेल, तर मी त्या घरात रोज जेवू शकणार नाही.

३ मार्च, मंगळवार

होळी. त्याचा फोन नाही. बरोबरच आहे.

२७ मार्च, शुक्रवार

पेपर तपासणी. एका मुलीनं चालू गुणोत्तर काढलं आणि खाली उत्तराऐवजी लिहिलं, 'कंपनी सुखात आहे.' अर्धा मार्क दिला. द्यायला नको होता.

पुस्तकात गुणोत्तरांखाली कुठेच लिहिलेलं नाही की आधी विचारा — हा माल कुणाचा? पुढच्या वर्षी पहिल्या तासाला हेच विचारणार.

१९ एप्रिल, रविवार

अखाजी. मावशीच्या गावी झोका. सासुरवाशिणी आल्या होत्या, गाणी चालली होती. मी इतक्या उंच गेले की गावाबाहेरचा रस्ता दिसला, जिनिंगकडे जाणारा. पाय आभाळाला लागत होते आणि मनात तोच माणूस. कसलीही गणितं केली तरी तो वजा होत नाही.

जीवराम भाऊंचा आबांना निरोप — साखरपुड्याची तारीख कळवा. आबा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "नवा ताळेबंद येऊ दे." आबा चिडले. "पोरीला नवरा पाहिजे का कागद?" दोन्ही पाहिजेत, असं मी म्हणणार होते, पण उठून झोक्याकडे गेले.

संध्याकाळी मावशीनं सहज सांगितलं की कापसाचा भाव यंदा अजून तोडला, म्हणजे ठरवला, नाही. माल तिथेच.

५ मे, मंगळवार

वाट बघणं हे काम झालं आहे. सुट्टी, ऊन, कूलरचा आवाज. अंथरुणावर पडून जिनिंग बघते. फाटक उघडं, आत सगळं पांढरं, मध्ये तो उभा. मी विचारते, यातला तुमचा किती? तो सगळीकडे हात फिरवतो आणि मग स्वतःच्या पायाजवळचा छोटासा ढीग दाखवतो. एवढाच असला तरी मला चालेल, हे त्याला कोण सांगणार?

१७ मे, रविवार

सकाळी नवीन स्वतः येऊन नवा ताळेबंद देऊन गेला. प्रत्येकाचा कापूस एकतीस मार्चच्या भावानं, नावानिशी देण्यात लिहिला आहे. मावशीचंही नाव आहे. जीवराम भाऊ त्याच्याशी बोलत नाहीत, बँकेनं मर्यादा कमी केली, दोन मशीनं बंद. चालू गुणोत्तर शून्य पूर्णांक एक्क्याण्णव. आबांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बुडती कंपनी. नकार कळवतो."

मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि होकार कळवला.