छातीवर अडलेली शेरवानी

माय, तुझ्याशी भांडायचं राहून गेलंय, म्हणून लिहायला बसले. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुला ओळखणारं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. निजामाचं राज्य गेलं, माझे दात गेले, पण हे भांडण काही डोक्यातून जात नाही. आप्पांच्या शेरवानीचं म्हणतेय मी.

बीडात आपली भाड्याची एकच खोली होती, पण चूल तुझी होती. नेकनूरला काकांच्या घरी जाऊबाई मीठ काढून देतील तेवढंच भाजीत पडायचं. इथं तू बरणीत खुशाल हात घालायचीस आणि वर मलाच विचारायचीस, "बघ गं, लई झालं का?" आप्पा तहसील कचेरीत उमेदवारी करत होते. जागा पक्की झाली तर बीड, नाहीतर पुन्हा नेकनूर, काकांचं दुकान आणि तुला जावेच्या हाताखालचा संसार. जिल्ह्याचे हाकिम तालुकदारसाहेब दौऱ्यावर येणार होते, उमेदवारांना स्वतः बघणार होते, आणि त्यांच्यासमोर शेरवानीशिवाय उभं राहायची सोय नव्हती. तू तर आतापासूनच खोलीच्या भिंती पोतारायला घेतल्या होत्यास.

मामांनी दिलेलं काळ्या आलपाकाचं कापड पेटीतून काढून शिंप्याकडं टाकलं होतं. शिंपी लग्नसराईत बुडालेला, रोज "बघू, करू" म्हणायचा. एक दिवस तू कापड त्याच्या दुकानातून उचलूनच आणलंस. "बसू दे त्याला बघत. मीच शिवते." शेजारच्या खालांनी नवऱ्याची जुनी शेरवानी नमुन्याला दिली. तुला माहीत होती ती वाकळ शिवायची रीत, म्हणून तू अस्तर आलपाकाला वाकळेसारखंच धावदोऱ्यांनी जोडत गेलीस, ओळीला ओळ लावून, बाहेरून टाका दिसणार नाही असं. खाला हसून लोळल्या. "शेरवानी सी री की गोदडी गे?" तू मान वर न करता म्हणालीस, "गोदडी तर गोदडी. सायबाला थंडी वाजली तर पांघरू द्या." पण पुढचे दोन भाग शिवून तू खुंटीला अडकवलेस तेव्हा ते असे सरळ लोंबले की खालांनी उठून हात फिरवून पाहिला. "हौ गे, अच्छी बैठी," म्हणाल्या. त्या दिवशी तू दिवसभर गुणगुणत होतीस.

मापाची मात्र मजाच होती. आप्पा एका जागी बसतील तर शपथ. बसायचे ते फक्त सकाळी पूजेला. गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची चौकट उतरवून लिंग डाव्या तळहातावर घ्यायचे, डोळे मिटायचे, आणि तू हळूच मागून जाऊन छातीभोवती सुतळी टाकायचीस. मी तोंडात पदर कोंबून हसतेय, तू डोळे वटारतेयस. अंगाला चापूनचोपून बसली पाहिजे, कचेरीतल्या मोठ्या लोकांसारखी, ही तुझी हौस. आपल्या लिंगायताच्या घरात पूजेची घटका सोडली तर लिंग आंघोळीतसुद्धा गळ्यातून उतरत नाही, आणि तू माप घेतलंस ते नेमकं उतरलेलं असताना! आपल्या कुणाच्याच ध्यानात आलं नाही. गुंड्या लावायच्या आधी आप्पांनी एकदा अंगात घातली, तीही पुढून हातानं नुसती धरून. "झकास," म्हणाले.

आणि मग ती सकाळ. आप्पा पूजा आटोपून, लिंग गळ्यात घालून उभे. खालच्या गुंड्या लागल्या, गळ्याची लागली, छातीवरच्या दोन काही लागेनात. आत चौकटीचा उंचवटा. आप्पांनी श्वास कोंडला, तू ओढलंस, गुंडी हातात आली.

"तेवढ्यापुरतं खिशात ठिवतो," असं म्हणून आप्पांनी गळ्यातल्या दोऱ्याला हात घातला. तू तो हात धरलास. तू आप्पांचा हात धरलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"न्हाई. शेरवानी उसवते. लिंग न्हाई उतरायचं."

"अगं, उशीर व्हईल."

"व्हऊ द्या."

"कावून हट करतीस? नेकनूरला तुलाच जायचं न्हाई ना?"

"न्हाई जायचं. पर लिंगाबिगर तुमी उगडे कसे जाताल? आन् आल्यावर माज्याकडं बघताल कसं?"

साधी शिवण असती तर पटकन सैल झाली असती. पण अस्तर कापडाला जोडलेलं. ओळीमागून ओळ काढावी लागली. एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला खाला, आणि आप्पा नुसत्या बंडीवर येरझाऱ्या घालतायत. बगलेखाली आलपाकाची पट्टी पडली, गुंड्या लागल्या, आप्पा पळत गेले. तालुकदारसाहेब चकलांब्याच्या बाजूला निघून गेले होते. जागा दुसऱ्याला मिळाली. आठ दिवसांत आपण नेकनूरला.

भावकीत अजून ही गोष्ट कौतुकानं सांगतात. बाईनं धर्म राखला म्हणतात. कपिलधारच्या यात्रेला गेलं की कुणीतरी माझ्यासमोर हात जोडतं, तुझी लेक म्हणून. मी मान हलवते, आणि आत नुसता जाळ होतो. त्यांचं काय जातंय! जावेच्या शब्दावर उठबस तू केलीस, मरेपर्यंत. आप्पांनी पुढं तुला विचारल्याशिवाय एक काम केलं नाही, तुझ्याआधी कधी जेवले नाहीत, हे खरं. तुला तेवढं पुरलं असेल. तू तोंडानं कधी काही बोलली नाहीस, आणि मलाही विचारायचं धाडस झालं नाही.

हा कागद कुठं धाडणार? धाडता आला असता तरी धाडला नसता, तू रडली असतीस. चारचौघांत मी तू बरोबर होतीस असंच म्हणते, आणि पुढंही म्हणेन. पण तुझ्यापाशी कशाला लपवू? मी तुझ्या जागी असते तर आप्पांचा हात धरला नसता. देव घटकाभर खिशात राहिला असता, माय. तुला तुझी चूल राहायला हवी होती.