प्रणिताला माझ्या रुंद स्की चालतील का

यिशुन, सिंगापूर
९ डिसेंबर २०१७

प्रिय सारंग,

‘प्रिय’ लिहून मी थोडा वेळ थांबले. मग म्हटलं, राहू दे. ज्या सवयी मोडायला मी आज बसले आहे त्यांच्यात ही सगळ्यात निरुपद्रवी आहे.

मंगळवारचा तुझा मेसेज मला आता पाठ झालाय. “तुझ्या रुंद स्की अजून शेल्टरमध्येच आहेत. प्रणिताची उंची साधारण तुझ्याएवढीच. फेब्रुवारीत होक्काइडोला तिला चालतील का? ताज्या बर्फातली, झाडांमधली मजा तिलाही कळू दे. तू येतेस ना? आपला स्कीचा ग्रुप विचारतोय. फक्त आपलं जुनं काही तिच्यासमोर नको, प्लीज.” आणि शेवटी हसरा चेहरा. सहा वर्षं तुझ्याबरोबर एका घरात राहिलेल्या बाईकडे तू तिच्या स्की मागितल्यास, तिचं गप्प राहणं मागितलंस, आणि खाली हसरा चेहरा लावलास.

आधी स्कीचं सांगते. चालणार नाहीत. त्यांची बाइंडिंग, म्हणजे बूट धरून ठेवणारी पकड, माझ्या बुटाच्या मापाला आणि माझ्या वजनाला लावलेली आहे. दुसरं कुणी त्यात उभं राहून पडलं, तर बूट सुटायला हवा तेव्हा सुटेल याचा भरवसा नाही, आणि मग गुडघा जातो. दुकानात नेऊन ती पुन्हा लावून घेता येते, हे खरं. पण प्रणिता आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर पाय ठेवणार आहे. नवशिक्या माणसाच्या पायाखाली एकशे आठ मिलिमीटर रुंदीची स्की देणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. दाबून कडक केलेल्या उतारावर ती एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ लावते, आणि नवशिक्याचे सगळे दिवस त्याच उतारावर जातात. तिला पंच्याहत्तर-ऐंशीची, हनुवटीपर्यंत येणारी मऊ स्की भाड्याने घेऊन दे. शिक्षक लाव. तू स्वतः शिकवायला जाऊ नकोस. तुला वाट बघता येते, समोरच्याला काही सांगता येत नाही.

साप्पोरोचं ते दुकान आठवतं? जानेवारी २०१३. तू मला अशाच ऐंशीच्या रांगेपाशी उभं केलं होतंस. “सांभाळून घे, एकता. रुंद घेतलीस तर कडक बर्फावर घसरशील.” आणि मी त्या शांत दुकानात भाषण ठोकलं होतं. म्हटलं, कडक बर्फावर मला जायचंच नाही. रात्रभर पडलेल्या गुडघाभर भुसभुशीत बर्फात अरुंद स्की नाक खुपसते आणि माणूस मागे रेलून मांड्या जाळत बसतो. मला तरंगायचंय. दोन्ही टोकं वर उचललेली, भूर्जांच्या खोडांमधून झटक्यात वळणारी, थोडी मस्ती खपवून घेणारी स्की मला हवी. दुकानाच्या मालकाला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. तरी त्याने मान डोलावली आणि आतून नेमकी तीच आणली. तू म्हणालास, “बाई, तू लाकडालासुद्धा सभेला बसवशील.” किती हसलो होतो आपण.

लाकडाच्या दोन फळ्यांसाठी एवढं बोलणारी ही बाई स्वतःसाठी मात्र सहा वर्षं काही बोलली नाही. माझा राग निम्मा तुझ्यावर आहे, निम्मा या बाईवर. बाबांनी मला सातव्या वर्षी नागपुरात स्टुलावर उभं करून चौदा एप्रिलचं भाषण करायला लावलं. तेव्हापासून मी बोलतेच आहे. इथेही दर वर्षी आपल्या माणसांपुढे उभी राहून सांगते, मान खाली घालून मिळालेली जागा घेऊ नका. टाळ्या पडतात. आणि त्याच संध्याकाळी तुझ्या फ्लॅटवर पुण्याचा व्हिडिओ कॉल आला की मी पावलांचा आवाज न करता स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. भांडंसुद्धा वाजू द्यायची नाही.

तुझे आईबाबा चार वेळा आले. चारही वेळा मी कपडे, पुस्तकं, टूथब्रश, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो बॅगेत भरून इथे यिशुनला, घरमालकीण आंटीच्या या खोलीत येऊन राहिले. मी दारात दिसले की आंटी ओरडायची, “मदर-इन-लॉ कम अगेन आह?” त्या चिनी म्हातारीने पहिल्याच दिवशी तुझ्या आईला माझी सासू करून टाकलं होतं. तिला त्यात काही अवघड वाटलं नाही. स्की तेवढ्या बॅगेत मावत नसत, म्हणून त्या तुझ्या बॉम्ब शेल्टरमध्ये, त्या लोखंडी दाराच्या अडगळीच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलामागे राहत. आईने विचारलं तेव्हा तू म्हणालास, “ऑफिसातल्या एका मित्राच्या आहेत.” या दमट हवेत कडा गंजू नयेत म्हणून दर महिन्याला तेल लावणारा तो मित्र.

इथल्या मराठी मंडळाच्या महिला दिनाला मी बोलले, त्या वर्षी तुझी आई पहिल्या रांगेत होती. नंतर मला शोधत आली, दोन्ही हात धरून म्हणाली, “काय बोलतेस गं! अंगावर काटा आला. आमच्या सारंगला जरा सांग की लग्न कर म्हणून, तुझं ऐकेल तो.” तू शेजारीच साबुदाणा वड्याची बशी घेऊन उभा होतास. हसलास. आणि चाळीस मिनिटं सभा हलवून सोडणारी मी म्हणाले, “हो काकू.”

तिने मला नाकारलं असं मी कधीच म्हणणार नाही. तिला विचारलंच गेलं नाही. कदाचित ती रडली असती, महिनाभर तुझ्याशी बोलली नसती. कदाचित नसतीही. तू तिला वाईट वागायचीसुद्धा संधी दिली नाहीस. तिच्या वतीने नकार देऊन मोकळा झालास आणि त्याला आईची काळजी असं नाव दिलंस. माझ्या घरी मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. बाबा म्हणाले, “मुलाला घेऊन ये, बोलू.” तू कधी आला नाहीस. अजून फोनवर विचारतात, “तुझा तो बर्फातला मित्र कसा आहे?”

बर्फात तू खरंच चांगला होतास, हेही लिहायला हवं, नाहीतर मी खोटारडी ठरेन. झाडांमध्ये शिरताना ठरलेलं होतं, दर दहा वळणांनी थांबायचं, शीळ घालायची, उत्तर आलं की पुढे. तू एकदाही चुकला नाहीस. दोन हजार पंधराला मी त्या देवदाराच्या बुंध्याशी, फांद्यांखालच्या पोकळीत डोक्यावर कोसळले, तोंडात बर्फ भरला, तेव्हा माझी शीळ आली नाही म्हणून तू चढण चढून परत आलास. उघड्या हातांनी उकरलंस मला. झाडांत मला एक क्षण नजरेआड न होऊ देणारा माणूस माणसांत मला अडगळीच्या खोलीत ठेवत होता. दोन्ही तूच. मी आठ महिने या दोघांना एकत्र बसवून बघतेय, बसत नाहीत.

मार्चमध्ये हॉकर सेंटरला मी हातात ट्रे घेऊन टेबलाशी येत होते, तेव्हा तू म्हणालास, “आईने एक मुलगी बघितलीये.” मला बसूसुद्धा दिलं नाहीस. मी ट्रे ठेवला आणि विचारलं, “तू काय म्हणालास?” तू म्हणालास, “मी काय म्हणणार?” त्या दिवशी मला आरडाओरडा करता आला असता. मी नूडल्स संपवल्या.

तेव्हा ग्रुपला कळव की एकता येणार नाही. का, ते तू सांग. माझ्या वतीने तू पुष्कळ वेळा बोललास, आणखी एकदा बोल.

आता हे पत्र का, मेसेज का नाही, ते. आईने बघितलेली ती मुलगी, तुझी बायको प्रणिता, आज सकाळी अकराला इथे आली. स्की पुसायला तिने बाहेर काढल्या, त्यांवर दुकानदाराने लिहिलेलं माझं नाव तिने वाचलं आणि मंडळाच्या यादीतून माझा पत्ता काढला. खुर्चीत टेकली आणि सरळ विचारलं, “ताई, तुम्ही त्या घरात राहत होतात का?” नाही म्हणणं सोपं होतं. सहा वर्षांचा सराव होता. मी हो म्हटलं. ती रडली नाही. फक्त विचारलं, “आईंना माहीत आहे?” मी म्हटलं, नाही. मग म्हणाली, “म्हणजे आईंना आणि मला, आम्हा दोघींनाच कुणी सांगितलं नाही.” मला वाटलं होतं, मी हिचा द्वेष करेन. नाही करता आला. मी तिला म्हटलं, थांब, मी लिहूनच देते, म्हणजे मी काय सांगितलं आणि काय नाही, हे नंतर कुणाला फिरवता येणार नाही. ती आत्ता बाहेर आंटीपाशी चहा घेत बसली आहे, आणि हे पत्र तीच तुझ्याकडे घेऊन येणार आहे. पाकीट मी चिकटवत नाही. वाचून तुला द्यायचं, न वाचता द्यायचं, की तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवायचं, हे तिचं तिने ठरवावं.

तुझीच होते,
एकता