संत्र्याच्या पेटीचा खिळा

४ नोव्हें.
"विष चालून येत नाही वं. आपलीच नस त्याले खांद्यावर घेऊन जाते." मी दुसरी-तिसरीत असेन. बाबा दवाखान्यात कुणाच्या तरी पायाला पट्टी बांधत होते, धनुर्वाताचं बोलणं चाललं होतं. जन्मभर कंपाउंडर.
आज आठवलं, कारण गच्चीवर त्यांच्याच तळपायात खिळा गेला. पुदिन्यासाठी शेणखत भरलेली संत्र्याची जुनी पेटी, तिचा. खोल गेला, रक्त मात्र थेंबभर.
पट्टी स्वतःच बांधली. घट्ट, देखणी.

५ नोव्हें.
इंजेक्शनचं काढलं.
"अख्ख्या गावाले टोचलं मी. आता तू मले टोचाले नेतं काय?"
तुम्ही शेवटचं कधी घेतलं?
"घेतलं असंन."
म्हणजे आठवत नाही. कदाचित कधीच...

८ नोव्हें.
पट्टी सोडू देत नाहीत. "काहून हात लावून राहिली? माहं काम आहे थे." वरून जखम मिटलीय म्हणाले, खुशीत.
धनुर्वाताचा जंतू हवेत वाढत नाही. त्याला बंद जागा लागते. चांगली बांधलेली.

१० नोव्हें.
दुपारभर वाचत बसले. वाचायला नको होतं. विष नसेचं, म्हणजे मज्जातंतूचं, टोक बरोबर ओळखतं, तिथे चिकटतं. नस एरवीही बाहेरचं काहीबाही आत ओढत असते, त्यातच यालाही घेते. मग वरवर, पाठीच्या कण्यापर्यंत. तिथे स्नायूंना 'पुरे, सैल हो' सांगणाऱ्या पेशी असतात. त्यांना गप्प करतं. सगळ्यात आधी जबडा आवळतो.
एवढा प्रवास, आणि कुठे दुखत नाही.

१२ नोव्हें.
पोळी दुधात कुस्करून मागितली. "दाढ दुखून राहिली." मानेला बाम. मी बघत राहिले तर म्हणाले, "तुही आई म्हणे ना, तोंड बंद ठेवा. आता शिकून राहिलो."
हसले. ओठ हसले, दात उघडले नाहीत.

१३ नोव्हें., सकाळ
सदर भागातल्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. "माझ्याकडे नको, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. आत्ता. नसेत शिरलेलं काढता येत नाही. बाहेर उरलंय तेवढंच अडवता येईल."
रिक्षा निघालीय. पाच मिनिटांत येईल, तोवर लिहितेय.
बाबा खुर्चीत. चहा तसाच. मी त्यांच्या पायात चप्पल घालायला गेले तर पाय ओढून घेतला. "माह्या पट्टीत खोट काढतं?" शब्द दातांमागूनच आले.
आता इंजेक्शनचं नाव काढणार नाही, पट्टीचंही नाही. पुढ्यात बसून एवढंच म्हणणार: बाबा, एकदा तोंड पूर्ण उघडून दाखवा.
नाही म्हणतील, पण का ते कंपाउंडरला कळेल.