विरी गेलेलं पीठ

२ डिसेंबर, सोमवार

भाकरी उचलताना तीन तुकडे झाले. एक परातीत, एक गॅसवर, एक माझ्या पायावर.

रोहिणी खाटेवर बसून बघत होती. गोठ्यात घसरली, उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. दीड महिना प्लास्टर. "पीठ मळलंच न्हाई तुमी, नुसतं भिजवलं," म्हणाली. लग्नाला वीस वर्षं झाली, रोज हिच्याच हातची खाल्ली, ती मळते कशी ते एकदा बघितलं नाही.

सकाळी दादा आले होते. वाटण्या होऊन नऊ वर्षं झाली, तरी आमच्या घरातलं थोरला भाऊ म्हणून तेच ठरवतात. दारातूनच म्हणाले, "स्वप्नालीला घेऊन ये अंबाजोगाईहून. बारावी काय, बाहेरून देता येती. घरात पोरगी असताना कावून उपास काढता?"

मी म्हणालो, स्वयंपाक मी करतो. लई हसले. हसू दे.

३ डिसेंबर

रोहिणीला विचारलं, पोरीला आणू का? नुसतं विचारलं. तर म्हणाली, "माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तवा मला नववीतून घरी बसवलं. पंधरा दिवसांसाठी. ते पंधरा दिवस अजून संपले न्हाईत."

हे मला कधी बोलली नव्हती. मीही विचारलं नव्हतं. पोरगी येणार नाही. विषय संपला.

४ डिसेंबर

पिठलं. गुठळ्या. आईनं ताट बाजूला सारलं. "पोराच्या हातचं खायाची येळ आली माझ्यावर," म्हणून चहात बिस्किट बुडवून झोपली. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, पण हट्ट सतरा वर्षांचा. मी तिचाच पोरगा. बघू कोण दमतं.

५ डिसेंबर

कट्टाभर ज्वारी एकदम दळून आणली. तीस किलो. गिरणीवाला राम म्हणाला, "एवढं? घरी मजूर जेवायला हायत काय?" म्हटलं, तू दळ. दर चार दिवसांनी डबा घेऊन बायांच्या रांगेत कोण उभं राहील? महिन्याचं काम उरकलं. बाया एवढं साधं डोकं का लावत नाहीत, कळत नाही. पीठ कोठीत ठेवलं. रोहिणीला सांगितलं नाही. महिनाअखेरीला सांगून चकित करायचं.

९ डिसेंबर

फुगली! पहिली भाकरी फुगली. आईनं अर्धी खाल्ली. म्हणाली, "कोंबड्यांना टाकायची म्हणून घेतली होती." कोंबड्या विकून पाच वर्षं झाली.

१४ डिसेंबर

तीन दिवस झाले, भाकरी परत चिरायला लागली. थापता थापता कडा फुटतात. हात तोच, तवा तोच, पाणी तेच. परातीवर मूठ आपटली. आवाजानं आई जागी झाली.

१५ डिसेंबर, रविवार

नेमके आजच दादा. ताटात तुकडे बघितले. "ही भाकरी हाय का कुटका बे? बास झालं आता. येळवस झाली की पोरीला मी स्वतः घेऊन येतो. प्राचार्य वळखीचे हायत."

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, दोन्ही घरांची माणसं आमच्या शेतात कडब्याच्या एका कोपीत जेवतात. पाहुणे धरून तीसेक. माझं डोकं फिरलं. म्हणालो, "यंदाची भज्जी-आंबील दोन्ही घरांची मी करतो. पार पडलं तर पोरगी तिथंच शिकंल. न्हाई पडलं तर तुमी म्हणाल तसं."

"पक्कं?"

"पक्कं."

ते गेल्यावर आठवलं, आंबील कशी करतात तेच मला माहीत नाही. कबूल करतो. वहीलाच करतो.

१६ डिसेंबर

रोहिणीनं विचारलं, पीठ कधीचं? सांगावं लागलं. कट्ट्याचं ऐकून ती इतकी हसली की प्लास्टरचा हात धरून रडायला लागली. ज्वारीचं पीठ आठवड्याभरात विरी सोडतं म्हणे. मग त्याला चिकटपणा राहत नाही, भाकरी फुटते. जन्मभर ज्वारी पेरली, काढली, पोत्यांनी विकली. अन् हे मला माहीत नाही! गिरणीच्या रांगेतल्या प्रत्येक बाईला माहीत आहे.

"आधणाचं पाणी ओतून मळा," म्हणाली. "तसं केलं की जमतं." जमली. पण उद्या डबा घेऊन रांगेत उभा राहणार.

१७ डिसेंबर

उभा राहिलो. मेलो नाही.

२२ डिसेंबर

स्वप्नालीचा फोन. "पप्पा, मोठे पप्पा म्हणत होते, सामान बांधून ठेव. मी येऊ का? मला येती भाकरी." मी ओरडलो, सामान बांधलंस तर माझ्याशी बोलू नको. मग वाईट वाटलं. परत फोन केला, सांगितलं, भाकरी मलाही येती.

२९ डिसेंबर, रविवार

सकाळपासून भज्जीसाठी सोलतोय, निवडतोय. तूर, हरभरा, वाटाणा, पावटा. गाजर, मेथी, चाकवत, कांद्याची पात. बोटं हिरवी झाली. चिंच भिजवली. आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ ताकात कालवून ठेवलं. आई मांडी घालून शेजारी बसली, शेंगा सोलू लागली. मग म्हणाली, "बेसन शेवटी. गडबड करू नको."

आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन शेतात जायचा मान पुरुषमाणसाचा. दरसाल मीच नेतो, ऐटीत, घोंगडं पांघरून. आत काय आहे अन् ते कसं होतं, हे यंदा पहिल्यांदा कळलं.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस

बत्तीस माणसं जेवली. भज्जी तळाला जरा लागली. वरची वाढली, तळ खरवडला नाही. भाकऱ्या शंभराच्या वर. ताज्या पिठाच्या.

एक पाहुणा म्हणाला, "वहिनी, भज्जी लई झाक झाली." दादांची बायको, सत्यभामावहिनी, पंगतीत बसली होती. सगळ्यांसमोर म्हणाली, "माझी न्हाई. भाऊजींची हाय. लग्नाला तीस वर्षं झाली, येळवशीला मी पहिल्यांदा गरम भाकरी खाल्ली." मग तिनं अजून एक मागितली. मी वाढली.

दादा म्हणाले, आंबील आंबट झाली. तीन वाट्या प्याले. पोरीचं विचारलं तर "बघू" म्हणाले. बघू म्हणजे काय? शब्द दिला होता! ते निघाले तेव्हा तोंडावर बोललो. आयुष्यात पहिल्यांदा. ते मोटारसायकलला किक मारून निघून गेले.

१ जानेवारी

सत्यभामावहिनी सकाळच्या बसनं माहेरी नेकनूरला गेली. पंधरा दिवसांसाठी, म्हणे. रोहिणीनं ऐकलं अन् भिंतीकडं तोंड करून हसत राहिली.

४ जानेवारी

दादा आले. मागच्या दारानं. दार आतून लावून घेतलं. हातात स्टीलचा डबा, वर फडकं. खाली बघत म्हणाले, "स्वप्नालीचं नाव मी परत काढणार न्हाई." मग डबा पुढं केला. आत ज्वारीचं पीठ.

"हे जरा बघ. विरी म्हणतात ती काय असती बे?"